शहापूरच्या टेलर काकूंना

काकू, सप्रेम नमस्कार.

भर लग्नसराईत मी तुमच्या दुकानात कातरणं मागायला आले. तुमच्यापुढे ब्लाउजांचा ढीग, खुर्चीवर फॉल-पिकोच्या साड्या, आणि मला हवी होती रेशमी चिंधी, तीही अंडी रंगवायला. "अंड्याला रेशीम कशाला हो?" एवढंच विचारलंत, आणि मशीन थांबवून ऐकून घेतलंत.

ईस्टरची अंडी आमच्या घरी दरवर्षी रंगतात. हळद, बीट, कांद्याची सालं सगळं करून झालं होतं. यंदा लेकीला अंड्यावर साडीची नक्षी हवी होती. रेशमी कापडाची रंगीत बाजू कवचाला चिकटेल असं ते अंड्याभोवती घट्ट गुंडाळायचं, वरून पांढरं सुती फडकं दोऱ्यानं आवळायचं आणि व्हिनेगर घातलेल्या पाण्यात वीस मिनिटं उकळायचं. त्या गरम आंबट पाण्यात रेशमाचा रंग सुटतो आणि कवच तो धरून ठेवतं. पहिल्या खेपेला मी 'सिल्क' म्हणून घेतलेली ओढणी कापली होती. अंडी पांढरीच्या पांढरी निघाली. पोरीचा चेहरा बघवेना.

तुम्ही गाठोडं सोडलंत आणि एकेका तुकड्याचा धागा ओढून काडीच्या ज्योतीवर धरलात. वितळून कडक मणी झाला, तो पॉलिस्टर. कागद जळल्यासारखा वास आला, ते सुती नाहीतर आर्टसिल्क, म्हणजे नकली रेशीम. इरकलीच्या पदराचा एक तुकडा मला फार आवडला होता, तोही त्याच ढिगात गेला. केस जळल्याचा वास आणि बोटांत चुरा होणारी राख, ते खरं रेशीम. "नावावर जाऊ नका, वासावर जावा," म्हणालात. माहेरी वडगावात घरातच माग होते, हे तेव्हा कळलं. पाऊण तासात अकरा तुकडे निघाले. तेवढ्या वेळात तुमचा एक ब्लाउज पुढे सरकला असता. पैसे विचारले तर, "सणाचं आहे, राहू द्या की."

पवित्र शनिवारी आम्ही बसलो. अंड्यांना दोन्ही टोकांना सुईनं भोकं पाडून आतलं काढून घेतलं, त्याचं ऑम्लेट झालं. कापडाचे रंग खाण्याचे नव्हेत, म्हणून आधीच रिकामी केली. पातेलंही जुनं, स्वयंपाकातून काढलेलं घेतलं. रिकामी अंडी तरंगायला लागली, तेव्हा वर ताटली आणि ताटलीवर खलबत्त्यातला बत्ता ठेवला. निवल्यावर दोरा सोडताना लेकीचे हात थरथरत होते. मोतिया तुकड्यानं काहीच दिलं नाही. पण जांभळ्याची कोयरी, तिच्या कडेची बारीक ठिपक्यांची ओळसुद्धा, जशीच्या तशी उतरली होती. थोडं खोबरेल पुसल्यावर तर ती चमकायलाच लागली. रात्री कॅम्पातल्या चर्चमध्ये निघेपर्यंत पोरगी टोपलीपासून हलली नाही.

काकू, चिंध्या कुणीही दिल्या असत्या. तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवून, आमच्या सणासाठी, खरं काय नि खोटं काय ते निवडून दिलंत. याबद्दल मनापासून आभार.

तुमच्या लाल तुकड्याचं अंडं लेकीनं कापसात गुंडाळून ठेवलंय. ब्लाउज न्यायला येईन तेव्हा तीच घेऊन येणार आहे. कवच पोकळ आहे, जपून धरा.

तुमची,
कॅम्पातली, अंडी रंगवणारी