तुझ्या त्या प्रश्नाबद्दल

प्रिय बाळ्या,

परवा तू फोनवर विचारलंस, "तुला त्या प्रार्थनेतून नेमकं मिळतं काय रे, आणि मिळतं ते टिकतं का?" आणि तेवढ्यात तुझी लोकल आली. म्हणून लिहितोय, गजाल लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आमचं घर तू बघितलंयस. आजोबांपासून ख्रिस्ती, रविवारी चर्च, नाताळात करंज्या, गाणी. पण माझा जीव सगळा आंब्याच्या बागेत. मोहर आला की खूश, मग थ्रिप्सची कीड, मग अवकाळी, मग दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, कधी येते याची वाट, आणि पट्टी चांगली आली तरी आनंद जेमतेम पावसापर्यंत, की परत पुढच्या सीझनची काळजी. तुझंही तेच चाललंय ना, प्रमोशन, फ्लॅट, आता दुसरा फ्लॅट? टोमणा मारत नाहीये, खरंच विचारतोय.

बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात चौथ्या अध्यायात एक शोमरोनी (शोमरोन प्रांतातली) बाई आहे, भर दुपारी याकोबाच्या विहिरीवर एकटीच पाण्याला येते. अशा उन्हात, बायकांची वेळ टाळून, एकटी का, हे आपल्या वाडीतल्या कुठल्याही आजीला समजावून सांगायला नको. पाच नवरे झालेले, आता आहे तोही नवरा नाही. येशू तिला म्हणतो, हे पाणी पिशील तर परत तहान लागेल, मी देतो ते आत झरा होऊन वाहत राहील. आपल्याकडे पावसाळ्यात धो धो पडतो आणि मेमध्ये टँकर, कारण कातळ पाणी धरून ठेवतच नाही, तसाच मी होतो बघ. पण मला खरं धरून ठेवलं ते पुढच्या गोष्टीने. तिचं सगळं माहीत असून तो तिच्याशी बोलत बसतो, उठून जात नाही. आणि ती घागर तिथेच टाकून गावात पळते.

बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा विधी, झाला की काम झालं असं मात्र नाही हं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला, आणि पुढे त्यांनीच लिहिलंय की धर्म मिळाला होता पण ख्रिस्त सापडायला आणखी आठेक वर्षं गेली. त्यानंतर केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातल्या मुली, विधवा, आणि १९२१ ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्या १९२२ ला जाईपर्यंत करत राहिल्या. ह्याला मी टिकणं म्हणतो. "विश्वास ठेवा, पैसा येईल, आजार जाईल" असं सांगणारे असतात ना, त्यांच्यापासून मी लांबच राहतो. येशूचा प्रेषित पौल, त्याने फिलिप्पै गावच्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिलं ते कैदेतून, आणि त्यात म्हणतो की भरल्या पोटी आणि उपाशीपोटी, दोन्हीत समाधानाने राहायला मी शिकलोय.

मी अजून शिकतोच आहे. २०२१ ला तौक्ते वादळ आलं तेव्हा बाबांनी लावलेली कलमं आडवी झाली आणि मी देवावर इतका चिडलो की प्रार्थना म्हणजे नुसतं भांडण. मग बायबलमधलं स्तोत्र ४२ वाचलं, तिथे तर तो माणूस देवालाच विचारतो, तू मला का विसरलास? म्हणजे हे चालतं! बाग गेली ती गेलीच, कर्ज अजून फेडतोय, शांत वगैरे अजिबात वाटत नव्हतं, पण ज्याच्याशी भांडत होतो तो ऐकतोय याबद्दल एकदाही शंका आली नाही. मूड येतो नि जातो रे, हे गेलं नाही. तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

तू ख्रिस्ती हो असं मी म्हणत नाहीये, आईला सांग घाबरू नको. पण योहानाचा तो चौथा अध्याय एकदा वाच, पाच मिनिटं लागतात, लोकलमध्ये होईल. आणि काय पटलं नाही ते लिही, फोन नको, फोनवर तू विषय बदलतोस. पेटी पाठवतोय, यंदा फळ बारीक आहे पण गोड आहे.

तुझाच,
मी