फौजी माणसाचं पाण्याचं काम

महोदय,
१९६५च्या युद्धात खेमकरण आघाडीवर लष्करी ट्रक चालवणारे अण्णा हजारे १९७५मध्ये राळेगणसिद्धीला परतले. पुढच्या उपोषणांच्या गाजावाजात त्यांचं पाण्याचं काम झाकोळलं. गावचा पाझर तलाव, म्हणजे पाणी जमिनीत मुरवून विहिरींना पोचवणारा तलाव, गळका होता. श्रमदानातून दुरुस्त झाला आणि खालच्या विहिरी उन्हाळ्यातही तग धरू लागल्या. पाणलोटाच्या, म्हणजे पावसाचं पाणी अडवून जिरवण्याच्या कामाचा क्रम माथा ते पायथा: आधी डोंगरावर समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), मग खाली ओढ्यावर नालाबांध. उलटं केलं की बांध गाळानं भरतो. चराईबंदी नसेल, तर चरांवरची रोपं शेळ्याच फस्त करतात. आणि जिरवलेलं पाणी उसाला दिलं, की उन्हाळ्यात पुन्हा टँकर! राळेगणनं ऊस टाळला. पुष्कळ ठिकाणी नेमकं हेच कलम सोयीस्कर गाळलं जातं.

– एक वाचक