लॅप टायमर घेताना पैसे पडद्यावर घालू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ट्रॅकवर दुचाकी चालवण्याच्या हौसेवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. हेल्मेट, लेदर सूट, टायर यांची माहिती चांगली होती. फेरीची वेळ मोजणाऱ्या यंत्राविषयी मात्र ‘आपापल्या ऐपतीप्रमाणे लॅप टायमर घ्यावा’ एवढ्यावरच भागवले आहे. ज्या घरात एका ट्रॅक डेचा (ट्रॅकवर आपली गाडी चालवायला मिळते त्या दिवसाचा) खर्च दोन-तीन पगारांतून बाजूला काढावा लागतो, तिथल्या मुलामुलींना नेमकी इथेच माहिती हवी असते. म्हणून हे पत्र.

मी मिरजेत जमीन मोजणीची कामे घेतो. आमची थोरली टीव्हीएसची अपाचे आरआर ३१० चालवते. पिकअपमध्ये गाडी घालून आम्ही बाप-लेक कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेला जातो. ती ट्रॅकवर असते आणि मी पिटच्या, म्हणजे ट्रॅकलगत गाड्या थांबतात त्या जागेच्या, भिंतीशी.

सगळ्यात स्वस्त टायमर म्हणजे त्या भिंतीशी स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलेला माणूस. पहिल्यांदा ट्रॅकवर उतरणाऱ्याला तेवढा पुरे. बोट दाबण्यात दोन-तीन दशांश सेकंद इकडेतिकडे होतात, पण नवख्याच्या लागोपाठच्या फेऱ्यांतच दोन-तीन सेकंदांचा फरक असतो. तिथे दशांश धरून बसण्यात अर्थ नाही. पुढे फेऱ्या एकसारख्या पडू लागल्या, की वेळ नेमका कुठे जातो ते कळायला हवे. ते स्टॉपवॉच सांगत नाही. यंत्र लागते ते त्या वेळी.

यंत्रांचे जुने प्रकार दोन. एकात पिटच्या भिंतीवर अवरक्त किरणांचा दिवा ठेवायचा आणि गाडीवरचा डोळा तो टिपतो. दुसऱ्यात ट्रॅकखाली पुरलेली चुंबकीय पट्टी गाडीवरचा सेन्सर ओळखतो. अशा पट्ट्या युरोपातल्या बऱ्याच ट्रॅकवर आहेत. परदेशातला कुणी नातेवाईक जुना टायमर आणून देतो म्हणाला, तर तो कोणत्या प्रकारचा आहे हे आधी विचारावे. पट्टीवर चालणारा टायमर जिथे पट्टी नाही तिथे निरुपयोगी आहे. आपल्याकडे सरळ उपग्रहांवर चालणारा, म्हणजे जीपीएसचा टायमर घ्यावा. त्याला ट्रॅकवर काहीच बसवावे लागत नाही.

आता माझ्या धंद्यातले सांगतो. लोक मला विचारतात, ‘तुमचा रोव्हर (मोजणीचा फिरता उपग्रह रिसीव्हर) सेंटिमीटरपर्यंत जागा दाखवतो, टायमर तर दोन-तीन मीटर चुकतो, मग त्यावर भरवसा काय ठेवायचा?’ हद्दीचा दगड शोधताना मला पृथ्वीवरची नेमकी जागा लागते, म्हणून जवळ बेस, म्हणजे एका जागी स्थिर ठेवलेला दुसरा रिसीव्हर, लावून चूक दुरुस्त करत राहावे लागते. टायमरला ते काम नाही. गाडी तीच रेषा पुन्हा पुन्हा ओलांडते आणि आपल्याला हवा असतो तो दोन ओलांडण्यांमधला वेळ. उपग्रहांची चूक हळूहळू सरकते. दीड मिनिटाच्या एका फेरीत ती फारशी बदलत नाही, त्यामुळे वजाबाकीत बहुतेक निघून जाते. एकाच सत्रातल्या फेऱ्यांची तुलना म्हणूनच विश्वासाने करावी. सकाळच्या आणि दुपारच्या फेऱ्यांमध्ये मात्र शतांशावरून वाद घालू नये.

किमतीचा खरा संबंध येतो तो रिसीव्हर सेकंदाला किती वेळा जागा नोंदवतो त्याच्याशी. फोनमधला जीपीएस साधारणपणे सेकंदाला एकदाच नोंद करतो. ताशी १२० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ३३ मीटर जाते. म्हणजे दोन नोंदींच्या मध्ये एखादे अख्खे वळणाचे तोंड निसटते. १० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १० नोंदी करणाऱ्या, रिसीव्हरवर हेच अंतर ३.३ मीटर होते, २५ हर्ट्झवर १.३ मीटर. गाडी सरळ पट्ट्यावर असेल तर ॲप मधला हिशेब करून फेरीची वेळ एकवेळ ठीक काढते, पण वळणात ब्रेक कुठे लागला आणि वेग किती उतरला हे फोनच्या नोंदीतून कळत नाही. माझे स्पष्ट मत आहे की १० हर्ट्झच्या खालचे काही विकत घेऊ नये. २५ हर्ट्झचे रिसीव्हर आता ब्लूटूथवर फोनला जोडता येतात. रेसबॉक्स मिनी हा त्यातलाच. असे यंत्र आणि रेसक्रोनो किंवा हॅरीज लॅपटायमर यांपैकी एक ॲप, एवढ्यात काम भागते. पडदा असलेले तयार टायमर आयात शुल्क धरून बरेच महाग पडतात. त्यांची बांधणी मजबूत असते आणि उन्हातही आकडे दिसतात, हे खरे. पण ३३ मीटर गाडी जाईतो आकड्याकडे पाहणाऱ्या लेकीच्या बापाला तो पडदा नकोच वाटतो. आमच्या गाडीवर पडदा नाही. सत्र संपल्यावर पिटमध्ये बसून आम्ही नोंदी बघतो आणि शिकायचे ते तिथेच शिकतो.

तिला वाटायचे की आपण सरळ पट्ट्यावर कमी पडतो, मोठी गाडी असती तर बरे. वेगाचा आलेख पाहिला तेव्हा वेगळेच दिसले. ब्रेक सुटल्यापासून थ्रॉटल उघडेपर्यंत गाडी बराच वेळ नुसती घरंगळत होती, आणि तेही प्रत्येक वळणात. मग एक सत्र तिने वेळेचा विचारच सोडून दिला आणि ब्रेक थोडा उशिरा, हलका सोडत वळणात शिरण्याचा सराव केला. पडद्यावर न घालता वाचवलेले पैसे टायरमध्ये आणि प्रशिक्षकाच्या फीमध्ये घालावेत असे मी म्हणतो, ते यामुळेच.

कोणत्याही माहितीपत्रकात न दिसलेली एक गोष्ट इथे सांगतो. वेळेची रेषा ॲपमध्ये आपण ओढतो, ती गाडी वेगात आणि सरळ असते तिथे ओढावी. जागेत १ मीटरची चूक असेल तर सेकंदाला ३० मीटर जाणाऱ्या गाडीच्या वेळेत ती ०.०३ सेकंद होते. हळू वळणात, सेकंदाला १० मीटर वेग असताना, तीच चूक ०.१ सेकंद होते. सेक्टरच्या, म्हणजे फेरीचे तुकडे पाडणाऱ्या, रेषांनाही हाच नियम लावावा. हेअरपिनच्या, म्हणजे जवळजवळ उलट फिरवणाऱ्या वळणाच्या, पोटात रेषा ओढून मग यंत्र चुकते म्हणणारी मुले मी पाहिली आहेत. दोष यंत्राचा नसतो.

रिसीव्हर मागच्या सीटच्या शेपटीवर, आकाश दिसेल असा बसवावा. प्लास्टिकखाली चालतो; कार्बन फायबर किंवा धातूखाली सिग्नल अडतो. चिकटपट्टीवर भरवसा न ठेवता केबल टाय किंवा तारेने बांधावाच, कारण सुटलेला तुकडा मागून येणाऱ्याच्या अंगावर जातो. ट्रॅकवर जाण्याआधी चार-पाच मिनिटे तो उघड्यावर चालू ठेवावा. फोन मात्र हँडलवर लावू नये. मोठ्या इंजिनांच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपल कंपनीनेच २०२१ मध्ये दिला होता. फोन सूटच्या खिशातही नको, पडल्यावर तो बरगडीत घुसतो. आम्ही तो सीटखाली स्पंजमध्ये गुंडाळून ठेवतो.

आपल्याला एक कळकळीची विनंती आहे. ही ॲप कुठल्याही रस्त्यावर चालतात. आंबोलीच्या, वरंधाच्या घाटात रेषा ओढून वेळा काढणारी आणि त्या एकमेकांना पाठवणारी मुले आहेत. समोरून एसटी येते, वळणावर खडी असते, गुरे असतात. अशा वेळांचे कौतुक आपल्या पुरवणीत कधीही छापू नये.

सांगली-कोल्हापूरकडच्या रायडर मंडळींना माझे सुचवणे आहे, की प्रत्येकाने वेगळा रिसीव्हर घेण्याची गरज नाही. ट्रॅक डेला गट आळीपाळीने बाहेर जातात, त्यामुळे वेगवेगळ्या गटांतल्या तिघाचौघांत एक यंत्र सहज फिरते. नोंदी ज्याच्या त्याच्या फोनमध्ये राहतात. चार्जरची आणि बांधायच्या केबल टायची जबाबदारी मात्र एकाच्याच नावावर लिहून ठेवावी.

आपला,
एक मोजणीदार वाचक, मिरज