‘इको कुणाचा?’ असं विचारणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं, जेवलास का?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. चार लोकांसमोर म्हटलं की तुम्हाला ऐकून घ्यावंच लागेल.

आमच्या टीममध्ये नव्या मुलांच्या हातात द्यायची एक पुस्तिका होती. बॅश म्हणजे आपण टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्राम, शेल. त्याच्या पोटातच असलेल्या कमांडची, म्हणजे बिल्ट-इनची, चाळीसेक पानं. ती मी लिहिली होती आणि मला तिचा अभिमानही होता. निम्मा मजकूर मॅन पेजवरून, म्हणजे कमांडच्या माहितीपानावरून, उचललेला, उरलेला आठवणीतून. एकदा लिहून झाल्यावर मी ती परत उघडली नव्हती.

तिच्यात व्हेरिएबल फंक्शनपुरतं ठेवणाऱ्या ‘लोकल’च्या पानावर मी एक नमुना दिला होता. फंक्शनच्या आत लोकल लिहायचं, त्याच ओळीत एखादी कमांड चालवून तिचं उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्यायचं आणि पुढच्या ओळीत डॉलर-प्रश्नचिन्ह, म्हणजे आधीच्या कमांडचा निकाल, तपासायचं. शून्य आलं तर काम झालं, नाहीतर बोंब मारायची. एका नव्या मुलाने तो नमुना जसाच्या तसा बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये उतरवला. अकरा रात्री बॅकअप झालाच नाही आणि अकरा सकाळी लॉगमध्ये ‘यशस्वी’ छापून आलं. स्क्रिप्टच्या डोक्यावर सेट हायफन ई सुद्धा होतं, म्हणजे कमांड नापास झाली की तिथेच थांबायचा हुकूम, त्यामुळे सगळे निर्धास्त. बाराव्या दिवशी डेटा हवा होता तेव्हा फोल्डर रिकामं. टेस्ट सर्व्हरवर एक जुनी प्रत सापडली म्हणून निभावलं. पण तोवर सगळे त्या पोराला बोल लावून मोकळे झाले होते.

रात्री साडेअकराला मी तुम्हाला फोन केला. तुम्ही नोकरी सोडून नाशिकला गेल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. मी सगळी कहाणी सांगायला लागलो तर तुम्ही मध्येच थांबवलंत. "हेल्प लोकल टाइप कर. आणि खालून वर वाच."

बॅशने दाखवलेल्या त्या मदतीच्या मजकुरात खाली ‘एक्झिट स्टेटस’चा, म्हणजे निकालाचा, परिच्छेद होता. चुकीचा पर्याय दिला, व्हेरिएबलला किंमत देतानाच चूक झाली, किंवा फंक्शनच्या बाहेर वापरलं, तरच लोकल नापास, एरवी पास. आतल्या कमांडचं काय झालं याचा तिथे उल्लेखच नाही. लोकल ही स्वतःच एक कमांड. ती पास झाली की डॉलर-प्रश्नचिन्हात तिचाच शून्य बसतो, आतलीचं अपयश त्याखाली गाडलं जातं, आणि सेट हायफन ईलाही ते दिसत नाही.

मग तुम्ही मला फॉल्स नावाची कमांड घ्यायला लावलीत, जिचं कामच नापास होणं. लोकल आणि फॉल्स एका ओळीत: उत्तर शून्य. आधी नुसतं लोकल, पुढच्या ओळीत किंमत: उत्तर एक. दोन ओळींचा प्रयोग. ती पुस्तिका इतकी वर्षं वाटत असताना मला तो एकदाही करावासा वाटला नव्हता. "पोरगं चुकलं नाही, तुझं पान चुकलं," एवढंच तुम्ही म्हणालात. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये मी तेच वाक्य सगळ्यांसमोर म्हटलं. तुम्ही ते सुचवलं नसतं तर माझ्या तोंडून निघालं असतं का, याची मला खात्री नाही.

पुढचे सहा रविवार तुम्ही दिलेत. मला वाटलं होतं तुम्ही पुस्तिका घ्याल आणि नीट करून द्याल. तुम्ही एक शब्दही लिहिला नाहीत. स्क्रीन माझी, कीबोर्ड माझा. तुमचे फक्त प्रश्न. मजकूर छापणाऱ्या इकोच्या पानावर आपण आख्खा एक रविवार अडकलो. मी लिहिलं होतं, "इको हायफन ई दिलं की बॅकस्लॅश एनची नवी ओळ होते." तुम्ही विचारलंत, "इको कुणाचा?"

मला प्रश्नच कळला नाही. एका नावाच्या सगळ्या कमांड दाखवणारं टाइप हायफन ए इको चालवल्यावर कळला. एक इको बॅशच्या आतला, दुसरा बाहेरचा, यूएसआर-बिन फोल्डरमधला. आणि उबंटूवर एसएच म्हणून स्क्रिप्ट चालवली तर तिसराच, कारण तिथे २००६ पासून एसएच म्हणजे बॅश नाही, डॅश नावाचा वेगळा शेल. त्याला हायफन ई हा पर्याय वाटतच नाही. तो ती अक्षरं सरळ छापतो. मॅन इको उघडलं तर ते वर्णन दुसऱ्या इकोचं, आणि त्यातच एक टीप, की तुमच्या शेलचा स्वतःचा इको असू शकतो आणि सहसा तोच चालतो. ही टीप मी किती वेळा डोळ्यांखालून घातली असेल! माझ्या पानावर तीन इकोंची खिचडी होती.

कमांडला किती वेळ लागला ते सांगणारा ‘टाइम’ तर मी बिल्ट-इनच्या यादीत टाकला होता. टाइप टाइम म्हटल्यावर बॅशने सांगितलं, हा कीवर्ड आहे, म्हणजे कमांड नव्हे, शेलच्या भाषेतलाच शब्द. म्हणून तर तो पाइपने जोडलेल्या सगळ्या कमांडचा मिळून वेळ मोजू शकतो. आणि म्हणूनच टाइम हायफन व्ही दिलं की बॅश ‘हायफन व्ही’ नावाची कमांड शोधत बसतो. तो पर्याय जीएनयू टाइम या बाहेरच्या वेगळ्या प्रोग्रामचा. फोल्डर बदलणारी सीडी बिल्ट-इनच का असावी लागते यावर मी दीड पान प्रोसेसचं पुराण लिहिलं होतं. तुम्ही म्हणालात, "लेकाला बाजारात पाठवलं म्हणून आई बाजारात पोचते का?" दीड पान खोडलं, ते वाक्य ठेवलं. प्रोसेस बंद करणारी किल बिल्ट-इन असण्याची दोन कारणं तेवढी राहू दिलीत: जॉबचा टक्का-एक असा क्रमांक फक्त शेललाच कळतो, आणि प्रोसेसची मर्यादा भरलेली असताना बाहेरची किल सुरूच करता येत नाही.

फाइलच्या ओळी व्हेरिएबलमध्ये भरणाऱ्या मॅपफाइलच्या पानावर माझी मराठी तुम्हाला आवडली, पण माझ्या शेजारच्याच्या मॅकवर ती कमांडच निघाली नाही. बॅश ४.० सोबत २००९ मध्ये आलेली गोष्ट मॅकवरच्या ३.२ वर कुठून मिळणार? तेव्हापासून प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ‘कधीपासून’ असा रकाना आहे.

एक दुपार मात्र मला विशेष आठवते. हेल्पचा मजकूर आपल्या पुस्तिकेत पुन्हा का उतरवायचा, यावर मी वाद घालत होतो, तेव्हा तुम्ही मला बॅशचा मूळ कोड उघडायला लावलात. बिल्टइन्स नावाचं फोल्डर, आत डेफ फाइली. एकाच फाइलमध्ये हेल्पचा मजकूर आणि सी भाषेतला कोड, एकमेकांना खेटून. बॅश बांधताना एक छोटा प्रोग्राम दोन्ही वेगळं काढतो. मॅन पेज मात्र निराळ्या फाइलमध्ये आणि टेक्सइन्फो नावाच्या मांडणीतलं मोठं मॅन्युअल तिसरीकडे. एक पर्याय वाढला तरी तीन जागी लिहायचं. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी लोकांसमोर आणलेला आणि पुढे तीस वर्षांहून जास्त काळ चेट रॅमी सांभाळत असलेला हा शेल, तिथे हे काम चालतं. "आणि तुला चौथी जागा काढायची आहे?" तुम्ही विचारलंत. पुस्तिका चाळीस पानांवरून सतरावर आली. हेल्पमध्ये आहे ते हेल्पमध्येच राहिलं; आमच्याकडे फक्त आमचे अपघात उरले. लोकलचं पान पहिलं आहे, माझ्या चुकीसकट.

त्या पोराने परवा प्रिंटएफच्या पानावर पेन्सिलीने लिहिलंय, "कुणाचा?" बॅशचा की बाहेरचा, ते नाव मी घातलं नव्हतं. आता घातलं.

छापील प्रत नाशिकच्या पत्त्यावर पाठवली आहे. मागे चालू असलेल्या प्रोसेस संपायची वाट पाहणाऱ्या वेटचं पान अजून कच्चं आहे. हायफन एन बॅश ४.३ पासून, हायफन पी ५.१ पासून, दोन्ही चालवून पाहिले. पण एन दिल्यावर आधीच संपलेल्या प्रोसेसचं काय होतं, ते मला धड दोन ओळींत मांडता येत नाहीये. रविवारी अकराला फोन करतो. आधी जेवून घेतो, म्हणजे तुम्हाला विषय बदलता येणार नाही.

तुमचा,
पुस्तिकावाला