हरिहरच्या पायऱ्यांखाली सरबत विकणाऱ्या मावशींना

मावशी, नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, त्याची चुटपुट अजून लागून आहे. निरगुडपाड्याकडून त्र्यंबकजवळच्या हरिहर किल्ल्यावर येणाऱ्या वाटेवर, कातळपायऱ्यांच्या पायथ्याशी तुम्ही लिंबू सरबत विकता, एवढीच ओळख. तेवढ्या ओळखीवर हे जाहीर पत्र लिहिते आहे. तिकडे जाणाऱ्या कुणीतरी ते तुम्हाला वाचून दाखवावं.

दिवाळीनंतरचा रविवार होता. मी पंचवटीत वाढलेली, पण पन्नाशी आली तरी हरिहर फक्त फोटोत पाहिलेला. लेकीने हट्टाने आणलं. चढताना काहीच वाटलं नाही. पायऱ्या जवळजवळ उभ्या, पण नजर वर असते आणि दोन्ही बाजूंना कोरलेल्या खोबण्यांत बोटं आपोआप जातात. दरवाजा, मग कड्याच्या पोटातून वाकून जायची ती अरुंद वाट, पुन्हा पायऱ्या, की माथा. मारुती आणि महादेवाला नमस्कार केला, तळ्याच्या पुढच्या टेकाडावर चढले. ब्रह्मगिरी जन्मभर त्र्यंबकच्या बाजूने पाहिलेला, त्याची पाठ पहिल्यांदाच दिसली. जवळच बसगड, उतवड हे डोंगर, आणि दुसऱ्या अंगाला वैतरणेचं पाणी उन्हात चमकत होतं. किती वेळ तिथे बसले, आठवत नाही.

उतरताना मात्र पहिल्या पाच-सहा पायऱ्यांतच माझे पाय थिजले. पायांखाली पायऱ्या दिसेनात, एकदम दरीच दिसली. लेक गर्दीत खाली निघून गेलेली, तिला परत वर यायला जागा नव्हती. खालून चढणारे, वरून उतरणारे, मधे मी. "काही होत नाही काकू, चला," असं चार जणांनी प्रेमानेच सांगितलं. पण हात खोबणीतून सुटेना.

तेवढ्यात तुमचा आवाज आला. "थांबा रे सगळे, ताईला उतरू द्या." आणि लुगड्याचा ओचा खोचून तुम्ही अनवाणी वर आलात, माझ्या दोन पायऱ्या खाली उभ्या राहिलात. घाबरू नका असं एकदाही म्हणाला नाहीत. म्हणालात, "तोंड दगडाकडं करा. खाली नका पाहू, पाय मी ठेवते." मग माझा घोटा धरून पाऊल उचललंत आणि मधोमध झिजलेल्या त्या पायरीच्या खळग्यात नेऊन टेकवलंत. तुमच्या हाताला लिंबाचा वास होता आणि तळवा कातळासारखाच खरखरीत. "एका वेळी एकच हलवायचं. दोन्ही पाय टेकले की मग हात. दुसरा हात पक्का असल्याबिगर पहिला सोडायचा नाही." वीसेक पायऱ्या तुम्ही एकेक पाऊल असं ठेवून दिलंत. त्यानंतर पाऊल आपोआप खळगा शोधू लागलं. ते तुम्ही माझ्याआधी ओळखलंत आणि घोट्यावरचा हात काढून घेतलात.

मोरोपंत पिंगळ्यांनी 1670 मध्ये हा किल्ला स्वराज्यात आणला, 1818 मध्ये तो इंग्रजांकडे गेला, हे सगळं मी वाचून आले होते. पायऱ्या उतरायच्या कशा, हे कुठेच वाचलेलं नव्हतं. म्हणून पुढे जाणाऱ्यांसाठी तुमचंच सांगणं इथे लिहून ठेवते आहे: तोंड दगडाकडे, एका वेळी एकच. आणि शक्य असेल तर शनिवार-रविवार टाळा. त्या पायऱ्यांवर जाणारे आणि येणारे एकाच रांगेत अडकतात, तेव्हा भीती दुप्पट होते.

खाली आल्यावर तुम्ही मला सावलीत बसवून सरबत दिलंत, मीठ जरा जास्त घालून. मी रडत होते. तुम्ही तिकडे लक्ष न देता शेजारी लिंबं चिरत बसलात. त्याचे आभार मला सगळ्यांत जास्त मानायचे आहेत. माझ्या भीतीचा तुम्ही गवगवा केला नाहीत, आणि ती लहानही मानली नाहीत. पावसाळ्यात शेवाळ धरलं की गावातली माणसंही अशीच उतरतात, एवढंच म्हणालात.

डिसेंबरात मी पुन्हा येते आहे, मधल्या वारी. आमच्या दारच्या झाडाला यंदा लिंबं लगडली आहेत, पिशवीभर आणीन. आणि या वेळी आधी तुमचं नाव विचारीन.

तुमची,
पंचवटीची ताई