आयटीआयच्या कॅड लॅबमधल्या होलबद्दल कौशल्य विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग,
महाराष्ट्र राज्य

सन्माननीय महोदय,

ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा आयटीआयचा दोन वर्षांचा ट्रेड. तो पूर्ण करून येणारी मुले कॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगवर, हात चांगला चालवतात. पार्ट उभा करतात, असेंब्ली जोडतात, शीटवर व्ह्यू मांडतात. गाडी अडते ती होलपाशी. प्लेटवर वर्तुळ काढायचे, एक्स्ट्रूड कट मारून ते मॉडेलमधून कापायचे आणि शेजारी ‘एम८’ (८ मिमीचा मेट्रिक आटा) लिहून मोकळे व्हायचे, एवढेच त्यांना शिकवलेले असते. स्क्रीनवर सगळे ठीक दिसते, पण मशिनवर त्यातले काहीच उपयोगी पडत नाही.

२५ मिमी जाडीच्या प्लेटमध्ये एम८ चा ब्लाइंड होल, म्हणजे आरपार न जाणारे भोक, घ्या. आटा १६ मिमी खोल हवा. पिच, म्हणजे दोन आट्यांमधले अंतर, १.२५, म्हणून ड्रिल ६.८ चे. आटे पाडणाऱ्या टॅपच्या टोकाचे पहिले काही आटे निमुळते असतात आणि चिप साठायला खाली जागा लागते, म्हणून ड्रिल २२ मिमीपर्यंत उतरवावे लागते. त्यापुढे ड्रिलचे ११८ अंशांचे टोक आणखी २ मिमी जाते. झाले २४. खाली उरला १ मिमी. आता त्याच प्लेटच्या मागच्या बाजूला, होलच्या बरोबर खाली, ओ-रिंगसाठी (तेल अडवणाऱ्या रबरी कड्यासाठी) २.५ मिमी खोल खाच असेल, तर ड्रिल थेट खाचेत निघणार आणि तिथून तेल गळणार. मुलाच्या मॉडेलमध्ये मात्र ८ मिमी व्यासाचे, १६ मिमी खोल, सपाट तळाचे भोक असते. त्यात ही टक्कर दिसतच नाही. शिवाय कुणी मॉडेलवर विसंबून ८ चेच ड्रिल मारले, तर आटे पाडायला धातूच उरत नाही.

कॅडमधली होल कमांड याचसाठी असते. आट्याची साइज, आट्याची खोली, ड्रिलची खोली, टोकाचा कोन हे सगळे ती एकाच फीचरमध्ये ठेवते, आणि ड्रॉइंगवरचा कॉलआउट (होलच्या मापांची टीप) तिथूनच उचलला जातो. मशिनचा प्रोग्राम बनवणारे कॅमचे सॉफ्टवेअरही ही माहिती वाचून सेंटर ड्रिल, ड्रिल, टॅप असा क्रम लावू शकते.

कमांड मात्र आपली मापे एका टेबलमधून घेते. ते टेबल आपल्या शॉपशी जुळवून घेणे, हा खरा धडा. ॲल्युमिनियमच्या जॉबवर फॉर्मिंग टॅप वापरत असाल, तर एम८ ला ७.४ चे ड्रिल लागते, कारण तो टॅप धातू कापत नाही, दाबून सरकवतो. टेबलमध्ये असते ६.८. त्या होलमध्ये फॉर्मिंग टॅप घातला की तो आवळतो आणि जॉबमध्येच तुटतो. उलट ७.४ च्या होलमध्ये कटिंग टॅप घातला तर आट्याची उंची निम्मी राहते. बोल्ट आवळताना आटे सोलून निघतात, तेही बहुतेक वेळा ग्राहकाकडे.

ॲलन बोल्टचेही तसेच. एम८ च्या बोल्टचे डोके १३ मिमी व्यासाचे आणि ८ मिमी उंच. बोल्ट मोकळा जाण्याचे क्लिअरन्स होल तीन प्रकारचे: ८.४, ९ आणि १०. काउंटरबोअर, म्हणजे डोके आत बसवणारा सपाट तळाचा खड्डा, १५ चा धरा आणि खोली ९ ठेवा, म्हणजे डोके पृष्ठभागाच्या आत बसते. टूल क्रिबमध्ये (हत्यारांच्या खोलीत) १४ चा कटर असेल तर टेबलमध्ये १४ च असायला हवे. काउंटरसिंकला (स्क्रूच्या तिरक्या डोक्यासाठीच्या शंकूसारख्या खड्ड्याला) मेट्रिक स्क्रूचा कोन ९० अंश, अमेरिकन इंच पद्धतीत ८२. स्टँडर्ड चुकून इंचाचे राहिले, तर मेट्रिक स्क्रू फक्त वरच्या कडेवर टेकतो. चुकीचे स्टँडर्ड निवडून पुढे जाणे ही चूक सगळ्यात जास्त घडते आणि सगळ्यात उशिरा सापडते. पाव इंची पाइप आट्यातही हेच: ब्रिटिश बीएसपीला इंचाला १९ आटे आणि ५५ अंश, अमेरिकन एनपीटीला १८ आटे आणि ६० अंश. फिटिंग दोन-तीन फेरे नीट जाते, मग अडकते.

टेबल बदलायला प्रोग्रामिंग लागत नाही. सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरमध्ये टूलबॉक्स सेटिंग्जमध्ये होल विझार्ड उघडायचे, आयएसओ स्टँडर्डची प्रत काढून तिला संस्थेचे नाव द्यायचे आणि बदल त्या प्रतीतच करायचे. मूळ स्टँडर्डला हात लावायचा नाही. इन्व्हेंटरमध्ये डिझाइन डेटा फोल्डरमधली थ्रेडची एक्सेल फाइल असते, तिच्यात टॅप ड्रिलचा रकानाच आहे. फ्यूजनमध्ये एक्सएमएल फाइल. पण अपडेट आला की फोल्डर बदलतो आणि आपली फाइल मागे राहते, म्हणून प्रत वेगळी जपावी. फ्रीकॅडमध्ये काउंटरबोअर आणि काउंटरसिंकची मापे जेसॉन या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहिता येतात: आटा, व्यास, खोली. फ्रीकॅड फुकट आहे, तेव्हा लायसन्सची सबब चालणार नाही.

लॅबमध्ये वीस कॉम्प्युटर असले आणि प्रत्येकावर वेगळे टेबल असले, तर गोंधळ वाढेलच. टेबल सर्व्हरवरच्या एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवावे, लिहिण्याची मुभा फक्त शिल्पनिदेशकाला (ट्रेड शिकवणाऱ्याला) असावी. टेबल बदलल्यावर जुन्या मॉडेलमधले होल आपोआप बदलतील असे गृहीत धरू नये. फीचर उघडून साइज पुन्हा निवडावी. स्टेप फाइल (दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडणारे मॉडेल) बाहेर पाठवली की आट्याची माहिती सहसा गळून पडते आणि समोरच्याला ६.८ चे साधे भोक दिसते. म्हणून सोबत पीडीएफ ड्रॉइंग हवेच.

अभ्यासक्रम दिल्लीत, प्रशिक्षण महानिदेशालयात ठरतो, हे आम्ही जाणतो. त्याला हात न लावता आपल्या खात्याला करता येण्याजोगे एवढेच मागतो. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने एम४ ते एम१६ साठी एकच होल टेबल तयार करून सर्व शासकीय आयटीआयना द्यावे. शिल्पनिदेशकांच्या उजळणी वर्गात त्यासाठी दोन दिवस ठेवावेत आणि त्यात निदान एक दिवस टूलरूमचा माणूस शिकवायला असावा.

आणि ड्राफ्ट्समनच्या मुलाने काढलेले एक ड्रॉइंग त्याच संस्थेतल्या मशिनिस्ट किंवा फिटर ट्रेडने प्रत्यक्ष बनवावे. १०० × ५० × २५ मिमीची माइल्ड स्टीलची प्लेट पुरे. तिच्यावर एम८ चे दोन ब्लाइंड आटे, ॲलन बोल्टचे दोन काउंटरबोअर आणि डाउल पिनसाठी (दोन भाग नेमके जागेवर धरणाऱ्या पिनसाठी) ८ एच७ चा एक थ्रू होल, म्हणजे ७.८ चे ड्रिल मारून रीमरने अचूक मापाला आणणे, माप ८.००० ते ८.०१५. हा होल ब्लाइंड देऊ नये. आत हवा अडकते आणि पिन पुन्हा काढता येत नाही. गुण ड्रॉइंगच्या नीटनेटकेपणाला देऊ नयेत. बोल्ट हाताने किती खोल जातो, पिन नुसती पडते की हलक्या ठोक्याने बसते, ते पाहून द्यावेत.

कळावे,

आपले,
डिझाइन ऑफिस आणि टूलरूममध्ये काम करणारे काही जण