वाणसामानाची वही

सांगली,
रविवार, सकाळ

चि. ऋतुजा हिस अनेक आशीर्वाद.

दिवाळीत घरी विसरलेली तुझी निळी वही आईच्या शिवणयंत्राच्या खणात सापडली. उघडण्याआधी मी तुला फोन केला होता आणि तू "वाचा, पण हसू नका" म्हणालीस, म्हणून वाचली. हसलो नाही. उलट चिन्मयला शेजारी बसवून गेले तीन आठवडे रात्री जेवणानंतर 'नारुतो' ही निन्जांची जपानी कार्टून मालिका पाहतो आहे, कारण ज्या गावात तू तुझी माणसे वसवली आहेस ते गाव पाहिल्याशिवाय त्यांच्याविषयी बोलणे मला योग्य वाटले नाही. मासाशी किशिमोतो यांनी तिची मूळ चित्रकथा १९९९ पासून २०१४ पर्यंत साप्ताहिकात चालवली आणि तिची ७०० प्रकरणे झाली, हे चिन्मयने सांगितले तेव्हा मी आधी त्या माणसाच्या मनगटाचा विचार केला.

मे महिन्यात मी तुला बोललो होतो, की दुसऱ्याच्या रानात पेरणी करून आपल्या पदरात काय पडणार, लिहायचेच तर स्वतःचे लिही. ते बोलणे मी मागे घेतो. वीस वर्षे हौशी नाटकांत तोंडाला रंग लावणाऱ्या माणसाने, आणि तेही सांगलीत राहून, असे बोलायलाच नको होते. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने इथे 'सीतास्वयंवर' उभे केले, तेव्हा कथा साऱ्या प्रेक्षकांना पाठ होती. तरीही त्या नाटकांत सूत्रधाराशी हुज्जत घालणारा विदूषक असे, आणि नटांची भाषणे बरीचशी त्यांची त्यांनीच रंगमंचावर जुळवलेली असत. तमाशातील मावशी तर याहून ठळक उदाहरण आहे. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींच्या पुढे चालणारी, कृष्णाने वाट अडवली की कमरेवर हात ठेवून त्याला जाब विचारणारी, बहुधा लुगडे नेसलेल्या पुरुषानेच वठवलेली ही मावशी भागवतात शोधून सापडत नाही. ती इकडच्या फडांनी घडवली. दुसऱ्याच्या कथेत आपण घडवून घातलेल्या ज्या पात्राला तुम्ही मुले 'ओसी' म्हणता, ते आमच्याकडे मावशी या नावाने केव्हापासूनच वावरते आहे.

मात्र ती टिकली कशामुळे, हे पाहा. मावशी कृष्णाची बहीण होत नाही, गोवर्धन उचलत नाही, कंसाला मारत नाही. मूळ कथेने गोकुळ आणि मथुरा यांच्यामधला रस्ता मोकळा सोडला होता आणि त्या रस्त्यावर काय बोलणे झाले ते सांगितले नव्हते. मावशी नेमकी तिथे जाऊन उभी राहिली. गवयी दोन सुरांच्या मधे जागा घेतो असे आपण म्हणतो, तशी तिने कथेत जागा घेतली.

आता तुझ्या अकाने उचिहाकडे येतो. रागावू नकोस. 'नारुतो'तल्या सासुके उचिहाची ही जिवंत राहिलेली बहीण, एका डोळ्यात शारिंगान आणि दुसऱ्यात ब्याकुगान (दोन वेगळ्या घराण्यांच्या डोळ्यांतल्या शक्ती) असलेली, पाचही तत्त्वांची 'चक्र' ही अंगातली शक्ती वापरणारी, तू सतरा पाने लिहिली आहेस आणि चित्रे सुंदर काढली आहेस. पण तिला जागा नाही. सासुकेचा थोरला भाऊ इताची आपले सारे उचिहा घराणे संपवतो आणि धाकट्या भावाला तेवढे जिवंत ठेवतो, या एका गोष्टीवर सासुकेचा पुढचा सगळा राग, त्याचे गाव सोडून जाणे, त्याचा मित्र नारुतो याचे त्याच्यामागे धावणे, हे सारे उभे आहे. बहीण वाचली की सासुके एकटा राहत नाही, आणि तो एकटा नसेल तर मूळ घराचा खांबच तू काढून घेतला असे होते. डोळ्यांविषयीही माझी तक्रार आहे. त्या दोघांचा गुरू काकाशी याला शारिंगान मिळाला तो मरणाच्या दारात असलेल्या मित्राकडून, आणि तो त्या घराण्याचा नसल्यामुळे त्याला तो डोळा मिटवता येत नाही. वापरला की अंगातली शक्ती ओढली जाते, म्हणून बिचारा पट्ट्याने झाकून ठेवतो. त्या जगात प्रत्येक शक्तीची किंमत वसूल होते. अकानेने काय मोजले, ते सतरा पानांत कुठेही आलेले नाही.

हे सगळे लिहून मी गप्प बसलो असतो, पण वहीच्या शेवटच्या चार पानांवर हारू आहे, आणि तिच्यासाठी हे पत्र लिहायला घेतले. वाणसामानाच्या दुकानातील तेरा वर्षांची मुलगी, अंगात एकही विद्या नाही. नऊ शेपट्यांच्या कोल्ह्याने गावावर हल्ला केल्यानंतर उचिहांची वस्ती गावाच्या कडेला हलवली गेली, तेव्हापासून तांदळाची पोती तिकडे पोचवायला हिला दुप्पट चालावे लागते आणि ती रोज कुरकुरते. मग एका सकाळी त्या वस्तीत सामान घ्यायला कोणीच उरत नाही. हारूच्या हातात उधारीची वही आहे आणि वहीतली सगळी नावे मेलेल्यांची आहेत.

सव्वीस वर्षे मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून वह्या लिहितो आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, त्यानंतर पेढीवरच्या भिजलेल्या वह्या आम्ही गच्चीवर एकेक पान सुटे करून वाळवल्या होत्या, ते तुला आठवत असेल. तू तेव्हा पानांवर ठेवायला खडे गोळा करून देत होतीस. नाव पुसले गेले आहे आणि आकडा तेवढा राहिला आहे, अशी पाने मी तेव्हा पाहिली. हारू त्या नावांवर काट मारत नाही, हे तू लिहिलेस ते वाचून मी वही मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन बसलो. किशिमोतो यांनी ती वस्ती रिकामी झालेली दाखवली, पण दुसऱ्या दिवशी तिच्या दारात कोण येऊन थांबले ते सांगायचे राहू दिले. ही तुझी जागा.

चित्रांबद्दल थोडेच. अकानेची दोन चित्रे दुसऱ्या कोणाच्या चित्रावर कागद ठेवून गिरवलेली दिसतात, कारण त्यांतले हात तुझे नाहीत; सरावाला हरकत नाही, पण दाखवताना मूळ कोणाचे ते सांगत जा. आणि मैत्रिणी म्हणतात तसे स्टिकर छापून विकण्याच्या भानगडीत पडू नकोस. वर्गात वाटणे वेगळे आणि दुसऱ्याच्या गावाच्या नावावर पैसे घेणे वेगळे.

वही पुढच्या शनिवारी पुण्याला येणाऱ्या काकूबरोबर पाठवतो. तुझी आई म्हणते, हारूला थंडीत पायात काहीतरी घाल, चित्रात ती अनवाणी आहे.

आणखी एक. उधारीच्या पानावर तू नऊ घरांची बाकी मांडून खाली एकूण १,१४० ऱ्यो, म्हणजे त्या जगातले पैसे, लिहिले आहेत. सवयीने मी बेरीज करून पाहिली, दोनदा केली; ती १,०९० येते. ५० चा फरक आहे. चूक तुझी की हारूची, ते कळव. हारूची असेल, तर ते ५० तिने कोणाच्या नावावर वाढवून लिहिले आणि का, एवढे पाचव्या पानावर लिही.

तुझे,
बाबा